आधी गाणे, मग चित्र

चित्रपटाच्या किंवा नाटकाच्या दिग्दर्शकाकडे प्रथम संहिता येते आणि तिच्यातल्या कोणत्या प्रसंगावर रेंगाळायचे, कोणता उरकून टाकायचा हे ठरवण्याची मुभा त्याला असते; म्युझिक व्हिडिओच्या दिग्दर्शकाकडे मात्र ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग होऊन पूर्ण झालेले गाणे येते, ज्यातली एक मात्रादेखील त्याला पुढेमागे सरकवता येत नाही. काळ आधीच कुणीतरी कापून, शिवून दिलेला असतो आणि त्यात चित्र बसवायचे असते. प्रस्तुत लेखकाने हे काम मुंबईत नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सहायक म्हणून सुरू केले, पुढे स्वतंत्रपणे केले, आणि हिंदी पॉपपासून मराठी भावगीतांच्या अल्बमपर्यंत व अलीकडे केवळ यूट्यूबसाठी निघणाऱ्या सुट्या गाण्यांपर्यंत त्याचे रूप पालटताना पाहिले. मधल्या काळात त्याच्या कामाला ‘स्वतःची दृश्यशैली आहे’ असे लोक म्हणू लागले. ती शैली आली कुठून याचा हिशोब मांडायला बसले, की त्यात कल्पनाशक्तीच्या खात्यावर फारसे काही जमा होत नाही. कच्च्या फिल्मचे डबे, उशिरा आलेले टँकर आणि गाणाऱ्यांचे श्वास यांच्या नावावरच बरेचसे निघते.

या व्यवसायाची भारतातली सुरुवात उपग्रह वाहिन्यांबरोबर झाली. १९९१नंतर केबलच्या तारेतून स्टारच्या वाहिन्या घरात शिरल्या, १९९४मध्ये चॅनल व्ही आले, १९९६मध्ये एमटीव्हीची भारतीय वाहिनी सुरू झाली आणि दिवसरात्र गाणी दाखवणाऱ्या या वाहिन्यांना चित्रपटांबाहेरच्या गाण्यांची भूक लागली. १९९५मधल्या अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ या गाण्याचा केन घोष यांनी केलेला व्हिडिओ सर्वांच्या स्मरणात आहे. राजकन्येच्या दरबारात लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण बाहेर येतो, या एका दृश्याने कॅसेट किती खपवता येते हे कंपन्यांना कळले. म्युझिक व्हिडिओ ही त्या काळी मुळात कॅसेटची जाहिरात होती, हे विसरून त्याच्या कलामूल्याची चर्चा करता येत नाही. खर्च कंपनीच्या प्रसिद्धीच्या खात्यातून होई, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात काही सेकंद उमटणाऱ्या पट्टीत गाणे, गायक, अल्बम आणि कंपनी यांची नावे येत. दिग्दर्शकाचे नाव त्यात असावे, हा आग्रह अमेरिकेतल्या एमटीव्हीनेसुद्धा १९९२पर्यंत मनावर घेतला नव्हता.

खर्च प्रसिद्धीच्या खात्यातला असल्यामुळे तो नेहमी अपुरा असे, आणि सर्वांत महाग वस्तू होती कच्ची फिल्म. ३५ मिलिमीटरच्या ४०० फुटी डब्यात ६,४०० चौकटी असतात. दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ चौकटी या वेगाने चित्रण केले, तर तो डबा ४ मिनिटे १६ सेकंद पुरतो. म्हणजे ४ मिनिटांचे गाणे कलाकाराने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा म्हटले, की एक डबा संपला. परदेशी व्हिडिओंच्या पडद्यामागच्या चित्रणांत दिग्दर्शक गायकाकडून सबंध गाणे वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा गाऊन घेतो आणि मग संकलनाच्या टेबलावर निवड करतो, असे दिसते. ही चैन मुंबईतल्या छोट्या निर्मितीला परवडणारी नव्हती. इथे मोठ्या जाहिरातींच्या चित्रणातून उरलेले फिल्मचे तुकडे, ज्यांना धंद्यात ‘शॉर्ट एंड’ म्हणतात, ते स्वस्तात मिळवून त्यांवर भागवले जाई, आणि ८० फुटांच्या तुकड्यावर जेमतेम ५० सेकंद मावतात. त्यामुळे कोणती ओळ कोणत्या कोनातून दिसणार हे आदल्या रात्रीच कागदावर ठरवावे लागे आणि ठरल्याखेरीज कॅमेरा चालू होत नसे. या सवयीमुळे व्हिडिओंमध्ये एक प्रकारचा निश्चितपणा आला, म्हणजे प्रत्येक ओळीला एकच ठाम चित्र मिळाले. एका समीक्षकाने त्याचे वर्णन ‘संयम’ असे केले होते, पण त्यामागे शॉर्ट एंडच होते.

जागांचेही तसेच होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीच्या अनेक व्हिडिओंत पडक्या भिंती, छपराच्या भोकांतून उतरणारे प्रकाशाचे झोत आणि धुराचे लोट दिसतात, त्याला पुढे काहींनी शहरी उद्ध्वस्ततेचे सौंदर्यशास्त्र वगैरे म्हटले. कुलाब्याची आगीत जळून बंद पडलेली मुकेश मिल चित्रणासाठी भाड्याने मिळे, तिथे सेट उभारावा लागत नसे आणि छपराला भोके आयती होती, इतके साधे कारण त्यामागे होते.

गायकाचे ओठ गाण्याशी जुळवणे, म्हणजे लिपसिंक, ही या कामातली पहिली शिस्त. सेटवर गाणे ध्वनिक्षेपकावर वाजते, त्याला प्लेबॅक म्हणतात, आणि कलाकाराने त्याबरोबर म्हणायचे असते. नवखे कलाकार केवळ ओठ हलवतात आणि ते पडद्यावर तात्काळ उघडे पडते, कारण खऱ्या गाण्यात ओठांपेक्षा गळ्याचे काम जास्त असते. वरच्या स्वराला जाताना मानेच्या दोन शिरा ताठ होतात, कंठमणी वर सरकतो, आणि स्वर सोडताना खांदे किंचित उतरतात. म्हणून प्रत्येकाने सेटवर मोकळ्या गळ्याने, बेसूर झाले तरी चालेल पण मोठ्याने गावे, असा नियम करावा लागतो. मॉडेलांना हे पटते. गायकांना पटवणे अवघड जाते, कारण पन्नास तंत्रज्ञांसमोर सकाळी नऊ वाजता, गळा तापलेला नसताना, आपल्याच रेकॉर्डिंगबरोबर गाऊन आपणच त्याच्याहून कमी ठरावे हे कुणालाही रुचत नाही.

याच शिस्तीची कसोटी संथगतीत लागते. चित्र संथ दिसावे आणि ओठ मात्र गाण्याशी जुळावेत, असे हवे असल्यास कॅमेरा सेकंदाला ५० चौकटींच्या वेगाने चालवायचा आणि गाणेही दुप्पट वेगाने वाजवायचे; कलाकार दुप्पट घाईने म्हणतो, आणि पडद्यावर मूळ वेगाला आणल्यावर ओठ जुळतात पण पदर, केस आणि पापण्या पाण्याखाली असल्यासारख्या हलतात. द पोलीस या बँडच्या १९८३च्या एका व्हिडिओत गॉडली आणि क्रीम या जोडीने ही युक्ती वापरली होती आणि त्यानंतर ती जगभर रुळली. तिची अडचण अशी की दुप्पट वेगाने वाजवलेल्या टेपवर आवाज एक सप्तक वर जातो आणि भारदस्त गायकाचा आवाज कार्टूनमधल्या उंदरासारखा ऐकू येतो. शास्त्रीय संगीताची बैठक असलेल्या एका ज्येष्ठ गायिकेच्या अल्बमसाठी कंपनीला असेच संथ, तरल चित्रण हवे होते. बाईंनी आयुष्यभर ज्या तानेवर मेहनत घेतली ती किरट्या आवाजात दुप्पट घाईने कर्ण्यातून बाहेर पडली, तेव्हा सेटवरची पोरे हसली, बाई हसल्या नाहीत, आणि त्या तानेला ओठ देणे कोणत्याही माणसाला अशक्य होते हेही उघड होते, कारण मूळ तानच इतकी जलद होती की तिची दुप्पट मानवी जबड्याच्या आवाक्याबाहेर जात होती. अखेर ठरले असे, की तानेच्या जागी चेहरा दाखवायचाच नाही. गाणे मूळ वेगाने वाजू लागले, बाई डोळे मिटून मनापासून गायल्या, आणि कॅमेरा त्यांच्या मागे, मानेवरच्या सैल अंबाड्यापाशी आणि तानपुऱ्याच्या तारा छेडणाऱ्या बोटांपाशी राहिला. तान चालू असताना अंबाड्यातून सुटलेली एक बट थरथरते, एवढेच त्या चित्रात घडते. गाणाऱ्याचा चेहरा ऐन मोक्याच्या जागी न दाखवणे ही पुढे लेखकाची खूण मानली गेली.

लय आणि संकलन यांच्या संबंधाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या व्यवसायातले सर्वांत मोठे शिक्षण तिथे झाले. संकलन म्हणजे एका चित्रातून दुसऱ्या चित्रावर जाण्याची जागा ठरवणे, आणि म्युझिक व्हिडिओचे पाठ्यपुस्तकी तंत्र सांगते की ही जागा ठोक्यावर यावी. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात दर अर्ध्या सेकंदाला ठोका पडतो. चित्रपटाच्या २४ चौकटींच्या वेगात त्याला बरोबर १२ चौकटी मिळतात, पण आपल्याकडच्या दूरचित्रवाणीच्या २५ चौकटींत साडेबारा येतात, आणि अर्धी चौकट कापता येत नसल्यामुळे संकलक एकदा १२वर आणि एकदा १३वर कापत जातो. शिवाय अनुभवी संकलक ठोक्याच्या एखाददोन चौकटी आधीच कापतात, कारण चित्राच्या मागून येणारा आवाज मेंदू खपवून घेतो, चित्राच्या आधी आलेला आवाज मात्र त्याला खटकतो. हे सगळे पाश्चात्त्य पॉपच्या सरळ चालणाऱ्या ठोक्याला लागू पडते. तेच तंत्र मराठी भावगीतावर चालवून पाहिले तेव्हा पडद्यावर जे दिसले त्याला झटके हा एकच शब्द योग्य होता.

याचे कारण तालाच्या स्वरूपात आहे. दादरा हा ६ मात्रांचा ताल घेतला, तर त्याचे तीन-तीन मात्रांचे दोन विभाग पडतात, पहिल्या मात्रेवर सम म्हणजे आवर्तनाचा भार येतो आणि चौथीवर खाली, म्हणजे भार काढून घेतलेली जागा येते. ऐकणारा सहाही मात्रा सारख्या मोजत नाही, तो समेची वाट पाहतो. प्रत्येक मात्रेवर चित्र बदलले की ती वाट पाहणेच संपते. केवळ समेवर कापले तर बरे दिसते, पण तेही काही वेळाने यांत्रिक होते, कारण भावगीत तालावर चालत असले तरी ते जगते शब्दावर, आणि चांगला गायक शब्दाला समेच्या किंचित मागे रेंगाळू देतो. लेखकाच्या एका संकलकाने, जो स्वतः हौसेने तबला वाजवत असे, वेगळाच मार्ग सुचवला: गायक ओळीआधी श्वास घेतो तिथे कापायचे. मिक्सिंगमध्ये ध्वनिमुद्रक हे श्वास बहुधा पुसून टाकतात, म्हणून कंपनीकडून साथीविना असलेला सुटा आवाज मागवून घ्यावा लागला, आणि त्यात श्वासांचा एक स्वतंत्र आराखडा ऐकू आला; काही ओळींआधी लांब, काहींआधी चोरटा, आणि एका ठिकाणी, जिथे गाण्यातला सर्वांत जड शब्द येतो, तिथे श्वासच नव्हता, गायकाने तो आधीच्या ओळीतून पुढे ओढून आणला होता. त्या जागी चित्रही बदलले नाही. श्वासावर कापलेला व्हिडिओ पाहताना चित्र कधी बदलले हे प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही, कारण तो स्वतःही नकळत तिथेच श्वास घेत असतो, असे त्या संकलकाचे म्हणणे होते. हे शरीरशास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकेल कोण जाणे; टेबलावर मात्र ते दरवेळी टिकले.

चित्राने संगीताशी कसे वागावे याचा सर्वांत टोकाचा आणि सर्वांत लोभस नमुना मिशेल गाँद्री या फ्रेंच दिग्दर्शकाने घालून दिला आहे. मूळचा ड्रमवादक असलेल्या गाँद्रीने केमिकल ब्रदर्सच्या ‘स्टार गिटार’ या गाण्यासाठी आगगाडीच्या खिडकीतून दिसणारा देखावा वापरला, ज्यात प्रत्येक खांब, पूल, कारखाना आणि फलाट एकेका वाद्याच्या आवाजाला बांधलेला आहे. नीम आणि वलाँस यांच्या दरम्यानचा तो प्रवास त्याने वेगवेगळ्या प्रकाशात वारंवार टिपला आणि आराखडा आधी आलेखाच्या कागदावर मांडला. हा व्हिडिओ आल्यानंतर मुंबईतल्या प्रत्येक बैठकीत तो ‘रेफरन्स’ म्हणून फिरू लागला, म्हणजे कंपनीचा माणूस तो लावून दाखवी आणि असेच काहीतरी करा म्हणे, अर्थात गाँद्रीच्या संगणकीय कामाला लागणारे पैसे वगळून.

अशाच एका बैठकीतून विरहाच्या मराठी गाण्यासाठी मुंबई-पुणे गाडीतल्या चित्रणाची कल्पना निघाली. कर्जत ते लोणावळा हा बोरघाटाचा चढ बोगद्यांनी भरलेला आहे आणि बोगदा म्हणजे आयता काळा पडदा. गाडी आत शिरली की समेवर अंधार, बाहेर आली की पुढचे आवर्तन, असा सुटसुटीत बेत होता. प्रत्यक्षात गाडी घाटात तालात चालत नाही. कर्जतला मागून जोडलेल्या जादा इंजिनांच्या रेट्यावर ती चढते, सिग्नलला थबकते, एका फेरीत एखाद्या बोगद्यातला अंधार जेवढा टिकतो तेवढा दुसऱ्या फेरीत टिकत नाही. रेल्वेने दिलेली परवानगी संपत आली तरी समेवर एकही बोगदा पडला नव्हता. परंतु पहिल्या फेरीचे चित्रण मॉनिटरवर परत पाहताना कॅमेऱ्याच्या सहायकाच्या ध्यानात एक गोष्ट आली: डब्यातले दिवे चालू असल्यामुळे बोगद्यात खिडकीच्या काचेचा आरसा होतो आणि त्यात गायिकेचा चेहरा उमटतो, आणि गाडी उजेडात आली की चेहरा पुसला जाऊन दरी दिसू लागते. तेथून पुढे समेचा नाद सोडून दिला गेला. गायिकेने फक्त बोगद्यात गायचे, बाहेर गप्प बसायचे, असे ठरले. ओळी जिथे पडतील तिथे पडल्या, आणि संकलनात बोगदे गाण्याच्या शब्दांपाशी व घाट वाद्यांच्या जागी आणून ठेवले. काचेतल्या प्रतिबिंबात पदर उलट्या खांद्यावर दिसतो, त्यामुळे फलाटावरच्या चित्रांशी तो जुळेना, तेव्हा फलाटावरची चित्रेच काढून टाकावी लागली आणि गोष्ट डब्यातच सुरू होऊन डब्यातच संपली, जी तिच्या हिताचीच गोष्ट झाली.

शब्द आणि चित्र यांचे भांडण याहून जुने आहे. गाण्यात चंद्र आला की पडद्यावर चंद्र, पाखरू आले की पाखरू, अशी अपेक्षा पैसे देणाऱ्याची असते आणि ती त्याच्या बाजूने समजण्यासारखी आहे, कारण आपण विकत घेतलेला प्रत्येक शब्द दिसावा असे त्याला वाटते. पण जे ऐकू येते तेच दिसले, तर कान काम सोडून देतात. माहेरच्या ओढीच्या एका गाण्यासाठी कंपनीच्या अधिकाऱ्याला बैलगाडी, जात्रा आणि तुळशीवृंदावन हवे होते. बऱ्याच वादानंतर बैलगाडीच्या जागी एसटीची लाल गाडी आली, तीही मुख्यतः भाड्याच्या गणितामुळे, कारण सजवलेली बैलजोडी दिवसभरासाठी आणणे महाग पडत होते. गाडीत बाई खिडकीशी बसलेली, मांडीवर मूल, आणि कंडक्टर समोर उभा. ती मुलाचे अर्धे तिकीट लागेल का म्हणून त्याच्याकडे पाहते, तो मुलाच्या उंचीकडे पाहतो, आणि एकच तिकीट पंच करून पुढे जातो. त्या काळी कंडक्टर बोटांत अडकवलेला पंच रिकामाच टकटकवत गाडीभर फिरत असत. व्हिडिओत त्याचा आवाज अर्थातच नाही, गाण्याखेरीज कोणताच आवाज नाही, तरी पाहणाऱ्यांपैकी कित्येकांनी तो ऐकल्याचे शपथेवर सांगितले. सासर-माहेर यांतले अंतर त्या अर्ध्या तिकिटाने जेवढे सांगितले तेवढे वृंदावनाने सांगितले नसते, असे लेखकाचे आजही मत आहे. अधिकाऱ्याचे मत शेवटपर्यंत बदलले नाही.

पावसाच्या बाबतीतही असेच काहीसे झाले. पावसाळी अल्बम जूनमध्ये बाजारात यायचा असल्याने त्याचे चित्रण मे महिन्यात, म्हणजे महाराष्ट्रात पाणी सर्वांत दुर्मीळ असते तेव्हा होते. कृत्रिम पावसाला टँकर, पंप आणि उंचावर बसवलेले फवारे लागतात, आणि पाण्याचे थेंब पारदर्शक असल्यामुळे मागून प्रकाश आणि मागे काळोखी असल्याशिवाय ते कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. भर दुपारी डोक्यावर ऊन असताना पाडलेला पाऊस पडद्यावर ओल्या माणसांखेरीज काही दाखवत नाही. पुरंदर भागातल्या एका गावाजवळ सकाळी सातला येणारा टँकर आलाच नाही, कारण तो वाटेत पिण्याच्या पाण्यासाठी दुसऱ्या वाडीकडे वळवला गेला होता, आणि त्याविरुद्ध तक्रार करावी असे कुणालाही वाटले नाही. दुपार उलटेपर्यंत हाती होते ते दोन पिंपे पाणी, एक झारी आणि पत्र्याच्या छपराचे एक घर. सेटिंगच्या मुलांपैकी एक छपरावर चढला आणि झारीने पत्र्यावर हळूहळू पाणी सोडू लागला. खाली ओसरीच्या कडेला पागोळ्या लागल्या, मागचा दरवाजा काळोखा होता, चारनंतरचे तिरके ऊन पागोळ्यांच्या मागून येत होते आणि प्रत्येक धार काचेच्या दोऱ्यासारखी उजळली. अख्ख्या व्हिडिओत आभाळातून पडणारा पाऊस एकदाही दिसत नाही. पुढची काही वर्षे कंपन्या फोन करून ‘तुमच्या स्टाइलचा पाऊस’ मागत राहिल्या, आणि त्यासाठी आता टँकर, पंप, सगळे देऊ करत होत्या.

सर्वच काम असे नव्हते. २०००नंतर काही वर्षे रिमिक्सची लाट आली. कॉपीराइट कायद्यातल्या त्या वेळच्या तरतुदीनुसार मूळ ध्वनिमुद्रिका निघून दोन वर्षे उलटली, की नोटीस आणि ठरावीक मोबदला देऊन तिची नवी आवृत्ती काढता येई, त्यामुळे जुन्या हिंदी गाण्याला नवा ठोका लावणे हा सर्वांत स्वस्त अल्बम ठरला आणि त्याची सगळी विक्री व्हिडिओवर येऊन पडली. २००२च्या ‘काँटा लगा’ने जो नमुना घालून दिला त्याच्या नकला महिनोन्‌महिने निघत राहिल्या. प्रस्तुत लेखकानेही त्यांपैकी काही केल्या, मुंबईतले घरभाडे त्यांवरच भागले, आणि वेगाने प्रकाशयोजना करण्याचा सराव त्यांत झाला. याहून अधिक त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. याच काळात या क्षेत्रातले अनेक दिग्दर्शक चित्रपटांकडे गेले. केन घोष यांचा ‘इश्क विश्क’ २००३मध्ये आला, म्युझिक व्हिडिओ आणि जाहिराती करणाऱ्या प्रदीप सरकार यांचा ‘परिणीता’ २००५मध्ये. म्युझिक व्हिडिओ ही चित्रपटाची पायरी आहे हा समज त्यामुळे पक्का झाला, आणि पायरीवरच थांबून राहणाऱ्याकडे लोक जरा कीव आल्यासारखे पाहू लागले.

भारतीय प्रतिमा कशा वापराव्यात (आणि कशा वापरू नयेत) याचे धडे परदेशी बँडच्या व्हिडिओंनीही दिले. जालंधरला जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी आर.ई.एम. या अमेरिकी बँडसाठी १९९१मध्ये केलेल्या व्हिडिओत इटालियन चित्रकार काराव्हाज्जोच्या प्रकाशापासून भारतीय कॅलेंडरवरच्या देवांपर्यंत सगळे एका चौकटीत नांदवले होते, आणि तो पाहून मुंबईतल्या एका पिढीला कॅलेंडर हाही दृश्याचा वारसा असू शकतो असा धीर आला. याउलट कोल्डप्लेच्या २०१६च्या मुंबईत चित्रित झालेल्या व्हिडिओत रंग, साधू आणि मोर पाहून इथे बरीच नाराजी व्यक्त झाली. ती नाराजी रास्त होती, पण मराठी व्हिडिओंतही नऊवारी, नथ, वाडा आणि दीपमाळ एवढ्यावरच गाव संपते, याकडे मात्र सहसा कुणी बोट दाखवत नाही.

आजचे काम फोनसाठी होते. एकाच चित्रणातून दूरचित्रवाणीसाठी आडवी आणि फोनसाठी उभी अशा दोन आवृत्त्या निघाव्या लागतात, म्हणून मॉनिटरच्या काचेवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या दोन उभ्या रेघा लावून घेतात आणि महत्त्वाचे सर्व काही त्या दोन रेघांच्या आत ठेवतात. उभ्या चौकटीत एक उभा माणूस, विहीर किंवा जिना छान बसतो. शेजारी शेजारी दोन माणसे बसत नाहीत, त्यामुळे अलीकडच्या प्रेमगीतांत नायक नायिकेच्या शेजारी न राहता मागे उभा राहू लागला आहे. गाण्याची सुरुवातीची सुरावट, जिच्यात पूर्वी दिग्दर्शकाला जागा आणि माणूस ओळखीचे करून द्यायला अर्धे मिनिट मिळे, ती आता संगीतकारच काढून टाकतात, कारण पहिल्या काही सेकंदांत बोट पुढे सरकते. शिवाय लोकांना घरी नाचून दाखवता येईल अशी एक सोपी हालचाल, जिला ‘हुक स्टेप’ म्हणतात, ती आधी ठरते आणि बाकीचे गाणे तिच्याभोवती रचले जाते. दुसऱ्या बाजूने, ठाणे-रायगडकडची आगरी-कोळी गाणी करणारी मुले स्वतःचे पैसे घालून, भाड्याचा कॅमेरा आणि मित्राचा ड्रोन घेऊन दोन दिवसांत जे करतात, त्यात कंपनीचा अधिकारी कुठेच नसतो आणि हे त्या कामावर स्पष्ट दिसते. त्यांच्याकडे फिल्मच्या डब्याची टंचाई नाही, त्यामुळे ती मुले हवे तितके टेक घेतात, आणि मग संकलनाला बसल्यावर त्यांना निवड करता येत नाही, ही नवी टंचाई आहे.

जुन्या कामाची अवस्था वाईट आहे. फिल्मवर चित्रण करून ते टेलिसिने या यंत्राने टेपवर उतरवले जाई आणि वाहिन्यांना टेपच्या प्रती जात. नंतर कंपन्या विकल्या गेल्या, फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळा बंद पडल्या, निगेटिव्हचे डबे कुणाच्या गोदामात आहेत हे सांगणारे कुणी उरले नाही. आज यूट्यूबवर जे दिसते ते बहुतेकदा कुणा रसिकाने घरच्या व्हीसीआरवर टिपलेले, कोपऱ्यात वाहिनीचे चिन्ह असलेले, जुन्या चौकोनी चौकटीचे चित्र रुंद ताणून सगळ्यांना जाडे केलेले असते, आणि काही कंपन्या तेच संगणकाने धुऊन ‘४के’ म्हणून पुन्हा चढवतात, ज्यात चेहऱ्यांची त्वचा मेणाची होते. दिग्दर्शकाला याविरुद्ध काही म्हणता येत नाही, कारण भारतीय कॉपीराइट कायदा चित्रफितीचा कर्ता म्हणून निर्मात्याला ओळखतो. मुख्य दिग्दर्शकाला सहकर्ता मानण्याची तरतूद २०१०च्या दुरुस्ती विधेयकात होती, पण २०१२मध्ये कायदा संमत झाला तेव्हा ती गळाली होती. म्हणून अलीकडे लेखक प्रत्येक करारात एक कलम घालतो, की मूळ चित्रणाची एक पूर्ण प्रत हार्ड डिस्कवर दिग्दर्शकाकडे राहील आणि तिचा व्यापारी वापर तो करणार नाही. मोठ्या कंपन्यांचे वकील हे कलम खोडून पाठवतात. पदरमोड करून स्वतःचे गाणे काढणारे गायक ते राहू देतात आणि बहुतेक वेळा डिस्कचे पैसेही तेच भरतात.